पहिल्या घरातली सोंगटी

दिवाळीत भाचेमंडळींनी मामाच्या घरी यावे, ही आपल्याकडची जुनी रीत. माझा थोरला भाचा पुण्याला इंजिनियरिंगच्या कॉलेजात शिकतो. गेल्या दिवाळीत तो चांदूर बाजारला आला, तेव्हा त्याच्या थैलीतून एक जाडजूड पुस्तक आणि मूठभर रंगीत फासे निघाले. आपल्या चौकोनी फाशांसारखे ते नव्हते. एकाला चार पैलू, एकाला आठ, तर एकाला चांगले वीस! ते पाहून आमच्या घरातून लगेच हरकत निघाली, "सणासुदीचा हा जुगार कशाला घरात?" भाचा हसून म्हणाला, "मामी, हा जुगार नव्हे. ह्यात पैसा लागत नाही आणि कोणी कोणाला हरवतही नाही."

मग ओसरीवर सतरंजी पडली. माझी आठवीतली मुलगी, शेजारच्या किराणा दुकानदाराचा मुलगा, गल्लीतली आणखी दोघे, आणि ज्याची आई कधी कापूस वेचायला तर कधी संत्र्याच्या तोडीला जाते असा एक सहावीतला मुलगा, अशी पाच जणांची बैठक जमली. खेळ सांगायला सोपा आहे. एकाने गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतली एकेक माणसे व्हायचे. सांगणारा म्हणतो, "समोर बंद दार आहे, आतून कसलासा आवाज येतो आहे, तू काय करतोस?" ज्याचा त्याने विचार करून उत्तर द्यायचे, आणि काम अवघड असले तर फासा टाकून ते साधले की फसले हे ठरवायचे. पट असा मांडलेला नसतोच. तो ज्याच्या त्याच्या मनात असतो.

"कोण कोण व्हायचे ते ठरवा," असे भाच्याने म्हणताच जी झुंबड उडाली ती काय सांगावी! एकजण सेनापती झाला, एकजण जादूगार. माझ्या कन्येने उडता घोडा मागून घेतला. दुकानदाराच्या मुलाने तर आपल्याला कोणतेही शस्त्र लागूच शकत नाही, असे जाहीर करून टाकले. असे पाच महावीर निघाले आणि अर्ध्या-पाऊण तासात त्यांनी एक राक्षस, दोन अजगर आणि एक अख्खी फौज गारद केली. पुढे काय? पुढे काहीच नाही. मुले एकमेकांकडे पाहू लागली. कोणीतरी जांभई दिली. "संपला?" असे माझ्या मुलीने विचारले, तेव्हा तिच्या आवाजात विजयाचा आनंद मला तरी ऐकू आला नाही.

रात्री जेवणानंतर पान लावता लावता मी भाच्याशी ह्याविषयी बोललो. तो म्हणाला, "मामा, हा वाद ह्या खेळाइतकाच जुना आहे." ह्या जातीचा पहिला छापील खेळ, 'डंजन्स अँड ड्रॅगन्स', गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन ह्या दोघा अमेरिकनांनी १९७४ साली काढला. त्यातला पहिल्या पायरीवरचा जादूगार इतका नाजूक होता की एका घावात त्याची गोष्ट आटोपावी. पुढे पुढे खेळणाऱ्यांना हे रुचेना आणि पात्रे आरंभापासूनच बळकट होत गेली. उलट १९८६ साली इंग्लंडात 'वॉरहॅमर' नावाच्या खेळाची जी आवृत्ती निघाली, तीत माणसाला आधी पोटाचा धंदा घ्यावा लागे, आणि नशिबात असेल तर तो धंदा उंदीर पकडण्याचाही असे. २०१२ साली निघालेल्या आणखी एका अमेरिकन खेळात प्रत्येकाला दोन-चार अगदी साधी माणसे मिळतात. शेतकरी, कारागीर अशी. त्यांच्या पायरीचा आकडा शून्य. पहिल्याच संकटात त्यांतली बहुतेक कामी येतात, आणि जो उरतो त्याची पुढे कथा होते.

मला ह्या गोष्टीची गंमत वाटली, आणि थोडी खूणही पटली. कारण गेली कित्येक वर्षे मी शाळेत मुले शिकवतो आणि रात्री कादंबऱ्या लिहितो, आणि दोन्ही ठिकाणी हाच प्रश्न मला भेटलेला आहे. माझ्या पहिल्या कादंबरीचा नायक पहिल्या पानापासून धीरोदात्त होता. तो कधी खोटे बोलत नसे, कधी डगमगत नसे. मी ती कादंबरी मोठ्या हौसेने माझ्या आजीला वाचून दाखवली. आजी निरक्षर, पण कहाण्या ऐकून आणि सांगून तिचा कान तयार झालेला. पाच-सहा प्रकरणे तिने निमूटपणे ऐकली आणि मग म्हणाली, "लेका, ह्या तुह्या मानसाले कधी भूक लागत नाई काय रे?" पुढे त्या कादंबरीवर परीक्षणे आली असतील-नसतील, परंतु आजीच्या त्या एका वाक्याने मला जे शिकवले ते दुसऱ्या कोणी शिकवले नाही.

सकाळी मी भाच्याला म्हटले, "आज खेळ आपल्या मुलखात मांड. पूर्णेच्या काठचे एखादे गाव घे. भाद्रपदाची रात्र, नदीला पूर चढतो आहे. आणि ह्या पाचांना तुझ्या त्या शून्य पायरीवरून निघू दे." आम्ही दोघांनी मिळून चिठ्ठ्या केल्या: सालदार, दुकानदार, सुईण, कोतवाल आणि मेंढपाळ. प्रत्येकाने आपल्या माणसाच्या घरात कोणत्या तीन वस्तू आहेत आणि त्याला कोणाची काळजी वाटते, एवढे कागदावर लिहायचे.

आणि इथेच, वाचकहो, ज्याला मी खेळाचा प्रश्न समजत होतो तो साधा खेळाचा राहिला नाही. वेचणीला जाणाऱ्या बाईचा तो सहावीतला मुलगा चिठ्ठीला हातच लावीना. मी कारण विचारले. तो खाली मान घालून म्हणाला, "घरी बी आमी गरीबच, अन् खेयात बी गरीबच? मंग खेयाची मजा काय जी, गुरुजी?"

मी निरुत्तर झालो. मास्तराने निरुत्तर होणे ही तशी नित्याची गोष्ट असते, फक्त ती आम्ही दाखवीत नाही. पण त्या दिवशी ते लपवता आले नाही. साधेपणाची थोरवी मी ज्याला सांगायला निघालो होतो, तो तो साधेपणा रोज नेसत-पांघरत होता. ज्याच्या घरी डब्यात धान्य आहे त्याने घटकाभर भिकाऱ्याचे सोंग घेणे ही मौज असेल. पण ज्याला दिवसभर कोणी मोजत नाही, त्याला तासभर सेनापती व्हावेसे वाटले तर त्यात वावगे काय? आपल्या लोककथांतल्या दरिद्री ब्राह्मणाला आणि लाकूडतोड्याला शेवटी राज्य का मिळते, ह्याचे उत्तर त्या कथा ऐकणाऱ्यांच्या घरात शोधावे लागेल.

तरीही आदल्या दिवशीची ती जांभई मला विसरता येईना. पाच महावीरांना सारे काही मिळाले होते, आणि तरी त्यांना काहीच मिळाले नव्हते. असे का व्हावे?

ह्याचा विचार करताना मला आपल्याच घरातला एक जुना खेळ आठवला. आपण ज्याला सापशिडी म्हणतो तिचे मूळ रूप म्हणजे मोक्षपट. परंपरा त्याचे जनकत्व ज्ञानेश्वरांकडे देते. त्या पटावरच्या शिड्या म्हणजे सद्गुण आणि साप म्हणजे दुर्गुण. चढत चढत अखेर मुक्तीच्या घरी पोचावयाचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडातही गेला. कालांतराने घरांवरची गुणावगुणांची नावे पुसली जाऊन नुसते आकडे उरले, आणि तेच आज आपल्या मुलांच्या हाती आहे. पण एक नियम मात्र कोणी बदलला नाही. प्रत्येकाची सोंगटी पहिल्याच घरातून निघते. पाटलाच्या मुलाची सोंगटी पन्नासाव्या घरापासून निघत नाही आणि मजुराच्या मुलीची पटाबाहेर राहत नाही. पहिले घर हे त्या पटावर कोणाचे हीनत्व नाही. ते सगळ्यांचे समान भांडवल आहे.

मोक्षपटात एक उणीव मात्र आहे. तिथे सारे काही फासा करतो. दयेच्या शिडीवर मी चढतो तो दया केली म्हणून नव्हे, दान पडले म्हणून. भाच्याच्या खेळात फाशाच्या आधी एक प्रश्न असतो: "तू काय करतोस?" आणि ह्या प्रश्नाला अर्थ केव्हा येतो? ज्याला विचारला त्याच्यापाशी गमावण्यासारखे काही असेल तेव्हाच. ज्याला शस्त्र लागूच शकत नाही, त्याला "पुढे जातोस की मागे फिरतोस?" असे विचारणे म्हणजे माशाला "पोहतोस का?" असे विचारण्यासारखे आहे.

आपल्या इतिहासात आणि दंतकथांत आपल्याला जी माणसे जवळची वाटतात ती पाहा. रायगडाची हिरकणी दूध घालायला गडावर आलेली साधी गवळण. सांजेला दरवाजे बंद झाले आणि खाली घरात तान्हे मूल. ती कडा उतरून गेली, असे सांगतात. तिच्या नावाचा बुरूज आजही दाखवतात. तिला पराक्रम करायचा नव्हता, घरी जायचे होते. तिच्या घरात ते बाळ नसते, तर तो कडा उतरणे ही नुसती कसरत झाली असती.

आणि शिवा काशीद? १६६० च्या जुलैत सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातलेला असताना तो शिवाजी महाराजांचा वेष घेऊन पालखीत बसला आणि शत्रूच्या हाती सापडला. तिकडे महाराज विशाळगडाच्या वाटेला लागले. परंपरा त्याला न्हावी समाजातला सांगते. भूमिका वठवणे म्हणजे काय, हे ह्या माणसाइतके दुसऱ्या कोणाला कळले असेल? त्याच्या अंगावर राजाचा पोशाख होता, पण त्या पोशाखाआडचा जीव त्याचा स्वतःचा होता. सोंग उघडकीला आले तेव्हा त्याने जे दिले ते राजाचे नव्हते, त्याचे होते. म्हणून तर आपल्याला तो आठवतो.

आमच्या वऱ्हाडातलेच उदाहरण घ्यावयाचे तर ते गाडगेबाबांचे. अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावी १८७६ साली जन्मलेला डेबूजी हा मुलगा मामाच्या गावी, दापुऱ्याला, गुरे राखून आणि शेतात राबून मोठा झाला. शाळेचे तोंड त्याने पाहिले नाही. सावकारी कर्जाने घरची शेती कशी जाते, हे त्याने जवळून पाहिले. १९०५ साली घर सोडले तेव्हा तो बायकापोरांचा धनी होता. मग हातात खराटा आला, गाडगे आले, गावोगावची घाण झाडणे आले. धर्मशाळा उभ्या राहिल्या, कीर्तने झाली. १९५६ च्या डिसेंबरात वलगावी त्यांनी देह ठेवला. आज अमरावतीच्या विद्यापीठाला त्या न शिकलेल्या माणसाचे नाव आहे.

दरवर्षी आमच्या शाळेत त्यांच्यावर भाषणे होतात. मुले पाठ करून येतात, आणि पुष्कळ भाषणांचा सूर असा असतो की बाबा जन्मतःच अवतारी होते. मुलांना दोष कसा द्यावा? आम्हीच त्यांना तसे लिहून देतो. पण असे लिहिताना आपण काय करतो, ह्याचा विचार मला त्या दिवाळीत प्रथमच नीट करावासा वाटला. बाबा जन्मतःच महापुरुष असतील, तर माझ्या दारापुढची गटार मी झाडण्याचे कारणच उरत नाही. ते त्यांचे काम होते, ते थोर होते, त्यांनी ते केले. मी हार घालतो. उलट बाबा पहिल्या घरातून निघाले असतील, गुरे राखणारे एक पोर होते असे असेल, तर मग त्यांच्या आणि माझ्यामध्ये जे अंतर आहे ते माझ्या न चालण्याचे अंतर आहे. हे कबूल करणे जड जाते. म्हणून आपण थोरांना आरंभापासूनच उंच बसवतो. त्यात भक्ती असते हे खरेच, पण थोडी सोयही असते.

इतके सगळे खरे धरले, तरी त्या मुलाच्या प्रश्नाचे काय? मला वाटते, सामान्य म्हणून आरंभ करणे निराळे आणि सामान्य म्हणून डांबून ठेवले जाणे निराळे. पहिले मोक्षपटाचे घर आहे, दुसरी कोंडवाड्याची कोठडी. आपल्या समाजात शतकानुशतके असे झाले की ज्याचा बाप जे करी तेच त्याने करावे. त्याच्या सोंगटीला पहिले घर होते, पण शिडी नव्हती. ते जिणे ज्याच्या आजोबा-पणजोबांनी काढले, त्याला "बाळ, खेळातही तू सालदारच हो" असे आपण सांगू तर तो खेळ नव्हे, ती जुनी बळजोरीच नव्या फाशांनी खेळल्यासारखे होईल. साधेपणाचा खेळ न्यायाचा व्हायचा असेल, तर कोणाचे साधेपण कोणाच्या वाट्याला येईल हे जन्माने ठरता कामा नये, आणि वर जाण्याची वाट सर्वांना सारखी उघडी पाहिजे.

मी त्या मुलाला एवढेच म्हटले, "चिठ्ठी तर काढ. तुझ्या घरचेच माणूस निघेल असे नाही." त्याने काढली, आणि निघाला दुकानदार! खऱ्या दुकानदाराच्या मुलाला सालदार आला. माझी कन्या कोतवाल झाली आणि उरलेल्या दोघांपैकी धिप्पाड मुलगा सुईण झाला. त्यामुळे हशा पिकला आणि खेळ सुरू झाला.

ती दुपार मी विसरणार नाही. पाणी चढत होते. दुकानदार झालेल्या त्या मुलाने घरातल्या तीन वस्तू लिहिल्या होत्या: दोराचे वेटोळे, कंदील आणि उधारीची वही. कोतवालीण दोर मागायला आली तेव्हा त्याने चष्मा नाकावर सरकवल्याची अशी काही नक्कल केली आणि "मागचं बाकी हाय तुमचं," असे अशा स्वरात म्हटले, की आमच्या शेजाऱ्यांचा मुलगा चपापून पाहतच राहिला. ह्या पोराने आयुष्यभर गल्ल्याच्या अलीकडून जे पाहिले होते, ते आज पलीकडे जाऊन बोलत होते. त्याने दोर दिला. पण वहीत मांडून दिला!

सालदाराची पाळी आली. भाचा म्हणाला, "तू मालकाच्या गोठ्यात झोपला आहेस. पाणी बैलांच्या खुरांना लागले. तुझी झोपडी नदीच्या अंगाला, सखल जागी आहे. एकाच ठिकाणी वेळेवर पोचता येईल. काय करतोस?" दुकानदाराच्या मुलाच्या हातात वीस पैलूंचा फासा होता. आदल्या दिवशी ज्याला शस्त्र लागत नव्हते, तो किती तरी वेळ तो फासा नुसता फिरवीत बसला. मग हळूच विचारले, "घरात माय एकटीच आहे?" "एकटीच." "बैल सोडले नाहीत तर मालक मला काय म्हणेल?" भाचा म्हणाला, "ते मालकाला माहीत." ओसरीवर कोणी बोलेना. अखेर त्याने बैलांची दावी कापली आणि बैलांच्याच मागून झोपडीकडे धावला, म्हणजे दोन्ही साधायचा प्रयत्न केला. फासा पडला तो वाईट. मग तो दोर कामाला आला, कोतवालीण आणि सुईण पाण्यात उतरल्या, आणि कंदील धरायला कोणी नव्हते म्हणून दुकानदाराला दुकान उघडे टाकून यावे लागले. तो यावा की न यावा, ह्यासाठी त्यानेही वेळ घेतला. त्याचे धान्य भिजत होते. तो आला. म्हातारी वाचली, एक बैल वाहून गेला, निम्मे दुकान गेले.

राक्षस नाही, अजगर नाही. तरी चहा थंड होईपर्यंत कोणाचे तिकडे लक्ष गेले नाही. खेळ संपल्यावर तो सहावीतला मुलगा माझ्याजवळ येऊन म्हणाला, "दुकानदार बी भेते जी, गुरुजी!" जणू त्याला एक गुपित सापडले होते. आणि शेजाऱ्यांचा मुलगा मात्र काही न बोलता घरी गेला. तो काय विचार करीत होता ते मी विचारले नाही. सगळ्याच गोष्टी मास्तरांनी विचारायच्या नसतात.

ह्यावरून त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले, असे मी म्हणणार नाही. त्याला अजूनही सेनापती व्हायचे होतेच, आणि तो त्याचा हक्क आहे. म्हणून लक्ष्मीपूजनाच्या दुपारी आम्ही त्याला चिठ्ठी न काढता सरळ राजा केले. मला वाटले होते, आता पुन्हा अजगर निघतील. राजेसाहेब पाटावर बसले, थोडा वेळ गंभीर राहिले आणि पहिला हुकूम सुटला: चांदूरचा बाजार आठवड्यातून एकदा भरतो तो आजपासून दोनदा भरेल. प्रधान झालेल्या माझ्या मुलीने कारण विचारले, तेव्हा महाराज म्हणाले, बाजाराच्या दिवशी हप्त्याची मजुरी हाती येते आणि माय येताना जिलबी आणते.

आम्ही सगळे हसलो. तोही हसला. मग संध्याकाळ झाली, घरोघरी पणत्या लागल्या, आणि राजेसाहेब आपल्या आईला तेल-वात करून द्यायला घरी पळाले.